मधुबालाची कबर बघायला सोलापूरहून जायचंय, आता तिथे नक्की काय आहे?

होटगीरोड

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या गाण्यांच्या गटातल्या काहीजणांना मुंबईला जायचंय. २३ फेब्रुवारीला मधुबालाची पुण्यतिथी असते, त्या सुमाराचा बेत आहे. तिथेच रफीसाहेबांची कबर आहे म्हणतात. वेळ उरला तर मीनाकुमारीच्या कबरीवरही फुलं वाहायची आहेत.

नेटवर मधुबालाच्या कबरीचा पांढऱ्या संगमरवराचा फोटो दिसतो. तो बांधकामासकट अजून आहे का? काहीजण म्हणतात पाडलं, काहीजण म्हणतात नुसतं झाकलं गेलं. सोलापूरहून रात्री निघून दुसऱ्या रात्री परतायचं, एवढ्यात जमेल का? गटात दोन ताई आहेत, त्यांना आत सोडतील का? आणि चढवायला आपली सोलापुरी चादर न्यावी असं एकाने सुचवलंय, ते बरं दिसेल का? माहीतगारांनी जरा सविस्तर सांगावं.

सातरस्ता

आधी संगमरवराचं सांगतो, कारण तोच फोटो हातात धरून लोक तिथे गोल गोल फिरतात. मधुबाला गेल्या २३ फेब्रुवारी १९६९ रोजी. दफन सांताक्रूझ पश्चिमेच्या जुहू मुस्लिम कब्रस्तानात झालं. कबरीवर संगमरवरी बांधकाम होतं, त्यावर कुराणातल्या आयती आणि काही ओळी कोरलेल्या होत्या. नवीन दफनांना जागा हवी म्हणून २०१० मध्ये ते काढून टाकण्यात आलं. नेटवरचा फोटो त्याच्या आधीचा. त्यामुळे तो दगड आता शोधू नका.

हे एकट्या मधुबालांच्या बाबतीत झालेलं नाही. मोहम्मद रफी (३१ जुलै १९८०), साहिर लुधियानवी (२५ ऑक्टोबर १९८०), तलत महमूद (९ मे १९९८), मजरूह सुलतानपुरी (२४ मे २०००), नौशाद (५ मे २००६) ही सगळी मंडळी याच कब्रस्तानात आहेत, आणि त्या पिढीच्या कबरींवरची जुनी बांधकामं अशीच गेली. म्हणजे हिंदी गाण्याचा अर्धा सुवर्णकाळ त्या एका आवारात झोपलाय आणि नावाची पाटी वाचून ओळखावं असं तिथे फार थोडं उरलंय. रफीसाहेबांचे चाहते त्यांच्या कबरीला सगळ्यात जवळ असलेलं नारळाचं झाड खूण म्हणून धरतात. जयंती-पुण्यतिथीला येणारे त्या झाडाच्या अंदाजाने उभे राहतात. मधुबालांसाठी अशी सर्वमान्य खूण नाही. तिथल्या रखवालदाराने हात करून दाखवलं तर तेवढंच. दिलीपकुमार यांचं दफनही इथेच झालं, ७ जुलै २०२१ ला, शासकीय इतमामात. ती जागा त्या मानाने नवी असल्याने विचारल्यावर सापडायची शक्यता जास्त.

आता प्रवास. सिद्धेश्वर एक्सप्रेसनेच जा. रात्री साडेदहा-अकराच्या दरम्यान सोलापूर सोडते, सकाळी सातच्या आत-बाहेर मुंबई, आणि परतीची सिद्धेश्वरही रात्रीच निघते. पूर्ण दिवस हातात मिळतो. वंदे भारतचा मोह होतो, पण ती सकाळी सहाच्या सुमारास निघून साडेबाराला सीएसएमटीला टेकते आणि संध्याकाळी चारला परत फिरते. मधल्या साडेतीन तासांत सांताक्रूझला जाऊन येणंच कसंबसं होतं, त्यात मीनाकुमारींच्या कबरीचं माझगाव बसत नाही. शिवाय आठवड्यातून एक दिवस ती नसते. वेळा बदलत राहतात, तिकीट काढताना एकदा पाहून घ्या. वीकेंडला सिद्धेश्वर लवकर भरते, सगळ्यांनी एकत्र बसायचं असेल तर तिकिटं आधीच काढा.

नुसतं जुहू करायचं असेल तर दादरलाच उतरा, पश्चिम रेल्वेच्या पुलावर जा, बोरिवलीकडची धीमी लोकल धरा आणि सांताक्रूझला पश्चिमेला बाहेर पडा. फास्ट गाड्यांचं सांताक्रूझला थांबणं गृहीत धरू नका, नाहीतर अंधेरीला जाऊन मागे यावं लागतं. बाहेर रिक्षा मिळते, ‘जुहू कब्रस्तान’ एवढं सांगितलं की पुरे. ‘मधुबालाची कबर’ म्हणालात तर रिक्षावाला बुचकळ्यात पडेल. दोन्ही ठिकाणं करायची असतील तर उलटा क्रम ठेवा: सीएसएमटीपर्यंत जा, आधी माझगाव, मग भायखळ्याहून दादर, तिथून सांताक्रूझ. माझगावच्या बाजूला रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच करावी लागते. आपल्याकडच्या माणसाला हे लक्षात राहत नाही आणि तो स्टेशनबाहेर रिक्षा शोधत बसतो.

विजापूरवेस

सातरस्ता यांनी जागेचं नीट सांगितलंय. मी कब्रस्तान चालतं कसं ते सांगतो, म्हणजे ‘पाडलं की झाकलं’ हा घोळ मिटेल.

कबर खोदली की मय्यत आत उजव्या कुशीवर, तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करून ठेवतात. आपल्याकडून किबला पश्चिमेला, म्हणून डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला. वर लाकडी फळ्या किंवा दगडी लाद्या तिरक्या किंवा आडव्या बसवतात आणि मग माती लोटतात. फळ्यांमुळे माती थेट अंगावर येत नाही, आत पोकळी राहते. पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत माती दबते, पुढे फळ्या कुजल्या की वरची माती एकदम खचते. घरची माणसं पुन्हा माती टाकून उंचवटा करून घेतात. ज्या कबरीकडे बघणारं कुणी उरत नाही ती हळूहळू सपाट होते. काही वर्षांनी त्याच जागी दुसरं दफन होतं. मुंबईत जागा ठरलेली आणि मय्यती रोजच्या, त्यामुळे हे चक्र टाळता येत नाही. पक्क्या कबरीने ती जागा कायमची अडते. त्यात कबर पक्की बांधू नये, कच्चीच असावी, असं मानणारे धर्मातच पुष्कळ आहेत. ही दोन्ही कारणं एकत्र आली की संगमरवर निघतो, मग तो कुणाच्याही नावाचा असो.

उत्तर-दक्षिण हे लक्षात ठेवलंत तर आत गेल्यावर फार उपयोग होतो. नावाचा दगड, म्हणजे कतबा, उशाकडे असतो, उत्तरेच्या टोकाला. त्यामुळे कुठल्या दोन ओळींच्या मधून चालायचं हे कळतं आणि चुकून कुणाच्या कबरीवर पाय पडत नाही. कच्च्या कबरी कधीकधी जमिनीपासून वीतभरच उंच असतात, त्यावर गवत वाढलेलं असतं. नजर खाली ठेवून चाला. दगडावर बसू नका, त्याला टेकून फोटो काढू नका. आत दफन चालू असेल तर कडेला थांबा, मोबाइल खिशात ठेवा.

चादरीचं मनापासून सांगतो, नेऊ नका. सोलापुरी चादर जाड सुताची. कच्च्या कबरीवर पसरली की दव आणि माती शोषते, पावसात तर चिखलाचा गोळा होते. दोन दिवसांनी ती उचलून टाकण्याचं काम रखवालदाराच्या गळ्यात पडतं. शिवाय नेमकी जागाच ठाऊक नसताना चढवणार कुठे? ती दुसऱ्या कुणाच्या तरी कबरीवर पडेल, आणि त्यांच्या घरचं माणूस त्याच वेळी फातेहा द्यायला, म्हणजे मृतासाठी प्रार्थना करायला, आलेलं असेल तर ते बरं दिसणार नाही. चादर दर्ग्यावर चढते, इथे दर्गा नाही. गुलाबाच्या सुट्या पाकळ्या घ्या, दोरा आणि प्लास्टिक पिशवी बाहेरच राहू द्या. हळद-कुंकू, नारळ फोडणं, अगरबत्ती नको. संगमरवर असेल तिथे अगरबत्तीचा पिवळा डाग दगडात मुरतो, घासून जात नाही.

ताईंबद्दल: बऱ्याच सुन्नी कब्रस्तानांत बायकांना आतल्या भागात जाऊ देत नाहीत, काही ठिकाणी फाटकाच्या आतच उभं राहून दुआ करायला सांगतात. आधी ऑफिसात विचारा, नाही म्हणाले तर वाद घालू नका. शिया कब्रस्तानांत साधारण एवढी अडचण येत नाही, मीनाकुमारींची कबर तशाच ठिकाणी आहे. कुणीही गेलं तरी डोकं झाकलेलं असावं, पुरुषांनी रुमाल बांधला तरी चालतो.

दिवस निवडताना जुम्मा टाळा. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, बोलायला कुणी मोकळं नसतं. शबे-बरातच्या रात्री घरोघरची माणसं आपापल्या कबरींवर येतात, त्या रात्री पाहुण्यासारखं जाऊन गर्दी करू नये. सध्याच्या वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतोय, म्हणून तुमच्या तारखेला एकदा कॅलेंडर बघा. रमजान असेल तर सकाळी नऊ ते अकरा बरं, दुपारनंतर माणसं थकलेली असतात.

होटगीरोड

चादर रद्द, पाकळ्याच नेतो. विजापूरवेस, एक विचारतो. दगड नाही, खूण नाही, तर ऑफिसातल्या रजिस्टरात तरी नोंद सापडेल का?

विजापूरवेस

दफनाची नोंद ठेवतात. ती पाहू द्यायची की नाही हा ट्रस्टचा अधिकार, आणि इतकं जुनं रजिस्टर हाताशी असेलच असं नाही. पण विचारताना पडद्यावरचं नाव सांगू नका, तिथेच सगळे अडकतात. मधुबाला म्हणजे मुमताज जहाँ बेगम देहलवी. साहिर म्हणजे अब्दुल हयी. मजरूह म्हणजे असरारुल हसन खान. दिलीपकुमार म्हणजे मोहम्मद यूसुफ खान. माझगावला जाल तेव्हा मीनाकुमारी म्हणजे महजबीन बानो. रफी आणि नौशाद ही खरीच नावं. नावासोबत इंग्रजी तारीख पूर्ण सांगा, कारण त्याच नावाच्या पुष्कळ नोंदी असतात आणि शोधणारा तारखेवरून पान काढतो. आणि हे सगळं गर्दीच्या वेळी मागू नका. समोर एखाद्याच्या घरची मय्यत आलेली असते, त्याला आधी पावती द्यायची असते.

नवीपेठ

धर्माचा रिवाज मान्य, जागेची अडचणही मान्य. तरी २०१० ला जे झालं ते मला पटत नाही. निदान कुठे कोण होतं याचा नकाशा करून, फाटकाजवळ एक दगडी फलक लावून मगच हात घालायला हवा होता. साहिर, मजरूह, नौशाद, रफी, तलत एकाच आवारात, आणि येणाऱ्याने नारळाच्या झाडावरून अंदाज बांधायचा? झाड पडलं की तेही संपलं. किनाऱ्याजवळ वादळात नारळ पडायला वेळ लागत नाही. आपल्याकडे साध्या वाड्यालासुद्धा फलक लागतो. हा वारसा आहे, तो जपायला कबर पक्की ठेवायची काहीच गरज नव्हती.

विजापूरवेस

फाटकाजवळ नावांचा फलक, यात माझंही दुमत नाही. त्याने कुणाची जागा अडत नाही. आतल्या जागेवर खूण करण्याला मात्र माझा विरोध आहे. खूण केली की ३१ जुलैला, रफींच्या पुण्यतिथीला, शंभर माणसं त्या एका जागेभोवती उभी राहणार, आणि तिथे मोकळं मैदान नाही, चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या कबरी आहेत, काही महिन्याभरापूर्वीच्या. भर पावसाळ्यात ओली माती तुडवली की ताज्या कबरी खचतात. ज्याचा मुलगा किंवा बाप तिथे आहे त्याने काय करायचं? नामवंतांइतकाच त्याचाही हक्क आहे त्या जागेवर.

नवीपेठ

एवढं मान्य. पण नकाशा ऑफिसात तरी असावा, आज माहिती असलेली माणसं आहेत तोवरच तो होईल.

लष्करचा_वाचक

माझगावची माहिती देतो. मीनाकुमारी ३१ मार्च १९७२ ला गेल्या, कबर माझगावच्या नारळवाडीतल्या रहमताबाद कब्रस्तानात आहे. शेजारीच त्यांचे पती कमाल अमरोहींची, ते ११ फेब्रुवारी १९९३ ला गेले. सीएसएमटीहून हार्बरची लोकल धरलीत तर डॉकयार्ड रोड, मध्यची धीमी धरलीत तर भायखळा. दोन्हीकडून टॅक्सीने ‘नारळवाडी, रहमताबाद’ असं सांगा. सकाळी लवकर पोहोचलात तर स्टेशनवर चहा-नाश्ता उरकून आठनंतर जा, त्याआधी फाटकावर विचारायला कुणी भेटेलच असं नाही.

कतबे वाचायचे असतील तर उर्दू येणारं एक माणूस गटात घ्या, सोलापुरात त्याची वानवा नाही. नसेल तर निदान आकडे ओळखायला शिकून जा, तारखेवरून कबर सापडते. उर्दूत अक्षरं उजवीकडून डावीकडे, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ. सात म्हणजे वर उघडा असलेला कोन. आठ म्हणजे तोच कोन उलटा, टोक वर. शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि पाच गोलसर बदामासारखा, त्यालाच लोक शून्य समजतात. नऊ आपल्या ओळखीच्या इंग्रजी नऊसारखाच. फसगत होते ती सालात. दगडावर इसवी सन आणि हिजरी सन दोन्ही असू शकतात. १९७२ च्या मार्चला हिजरी १३९२ चालू होतं, आणि १९६९ च्या फेब्रुवारीला १३८८. तेराशेचा आकडा दिसला म्हणून कबर जुन्या काळातली समजू नका.

अक्षरं पुसट का होतात तेही सांगतो. संगमरवरात अक्षर आधी कोरतात, मग खाचेत काळा रंग भरतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि पावसात रंगाची पापडी सुटते, कोरीव खाच मात्र राहते. समोरून बघितलं तर पांढऱ्यावर पांढरं, काहीच दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. खाचेच्या एका काठाची सावली पडते आणि ओळ उठून दिसते. हात एक-दोन इंच पुढेमागे करत एका वेळी एकच ओळ वाचा. सकाळचं तिरपं ऊन पडत असेल तर टॉर्चचीही गरज नाही. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात काहीही वाचता येत नाही, म्हणूनही माझगाव सकाळी करा.

वाचता यावं म्हणून दगडावर खडू, पीठ, रांगोळी चोळू नका. बारीक कण संगमरवराच्या छिद्रांत बसतात, पावसात ओलावा धरतात आणि तिथे शेवाळ धरतं. भक्तिभावाने दगड ‘स्वच्छ’ करायलाही जाऊ नका. लिंबू, व्हिनेगर, फरशी धुवायचं अ‍ॅसिड, यातलं काहीही संगमरवराला लागलं की तो विरघळतो, कारण तो मुळात चुनखडीच. वरची झिलई जाते, पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो आणि पुढच्या पावसाळ्यात आणखी झिजतो. तारेच्या ब्रशनेही तेच होतं, वर लोखंडाचे कण अडकून गंजाचे डाग पडतात ते वेगळेच. घरच्यांनी किंवा ट्रस्टने सांगितलं तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, खालून वर, बस. अत्तरही थेट दगडावर ओतू नका, तेलाचा डाग निघत नाही.

वेळ उरला तर मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तानही आहे. नर्गिस (३ मे १९८१), मेहबूब खान (२८ मे १९६४) आणि सुरैया (३१ जानेवारी २००४) तिथे आहेत. मात्र तीन ठिकाणं एका दिवसात केलीत तर कुठेच शांतपणे उभं राहायला मिळणार नाही. मला विचाराल तर माझगाव आणि जुहू एवढंच करा.

बाळे_नाका

गटात रस्त्याने जाणारे कुणी असतील तर आपल्याच हायवेवरचं एक ठिकाण सांगतो, मुंबईपर्यंत जायलाच नको. राज कपूर २ जून १९८८ ला दिल्लीत गेले. त्यांच्यावर दहनसंस्कार झाले, त्यामुळे कबर नाही. पण पुण्याच्या अलीकडे लोणी काळभोरला मुळा-मुठेच्या काठी कपूर कुटुंबाची राजबाग नावाची शेती होती, तिथे त्यांचं आणि कुटुंबीयांचं स्मारक आहे. ती जागा आता एमआयटीच्या शिक्षणसंस्थेच्या आवारात येते. राज कपूर यांच्या गाजलेल्या भूमिकांचे पुतळे आणि चित्रपटांची छायाचित्रं तिथे मांडली आहेत.

सोलापूरहून टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पाटस, यवत, उरुळी कांचन करत गेलात की हडपसरच्या आधी लोणी लागतं. नदी उत्तरेला, म्हणजे पुण्याकडे जाताना उजव्या हाताला वळायचं. फाटकावर सिक्युरिटी असते, कॉलेजचं आवार असल्याने थेट गाडी आत घालता येत नाही. आधी फोन करून किंवा ईमेलने भेटीची वेळ मागून घ्या, ओळखपत्रं प्रत्येकाची जवळ ठेवा. परीक्षेच्या काळात आणि दीक्षान्त समारंभाच्या दिवशी बाहेरच्यांना सोडत नाहीत हे गृहीत धरा. इथे ताईंना काही अडचण नाही, फोटोलाही सहसा हरकत नसते. वळण चुकलं तर हडपसरच्या गर्दीत शिरता आणि यू-टर्नला बराच वेळ जातो, म्हणून उरुळी कांचन सोडलं की गाडी हळू घ्या.

होटगीरोड

सर्वांचे आभार. सिद्धेश्वरची तिकिटं काढतो, आधी माझगाव मग जुहू. उर्दू वाचणारे एक गुरुजी यायला तयार झालेत. रमजानची तारीख बघून दिवस ठरवू. लोणीचं पावसाळ्यानंतर बघू, तेव्हा बाळे_नाका तुम्हालाच विचारीन.

बाळे_नाका

जरूर विचारा. गाड्या किती आणि माणसं किती ते आधी कळवा, भेटीची वेळ मागताना आकडा द्यावा लागतो.